पाठ नसलेल्या कवड्या

फुई घरी यायच्या आधी तिचा आवाज यायचा. गल्लीच्या तोंडाशी असतानाच कवड्यांची ती बारीक कटकट ऐकू यायची, आणि माय चुलीपुढून उठून माठातलं पाणी काढून ठेवायची. गिरजाफुई म्हणजे आबांची थोरली बहीण. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. तिच्या गळ्यात देवीची कवड्यांची माळ होती, पदराएवढी लांब, तीन पदरी. मंगळवारी आणि शुक्रवारी ती हातात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची. दारात आली की परडी खाली ठेवून म्हणायची, "माय वं, घसाले कोरड पडनी. पानी दे." मग उंबऱ्यावर बसून पायांची धूळ झाडायची आणि कुणाच्या घरात काय शिजतंय याची बातमी द्यायची. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाची म्हैस आटली, कुणाच्या सुनेनं मूठभर पीठ घालताना हात आखडला, सगळं. फुई बोलकी होती आणि तिखट होती. देवीची बाई म्हटली की लोकांना जी मान खाली घातलेली, डोळे मिटलेली बाई दिसते, ती आमच्या घरी कधी नव्हती.

परडीतलं पीठ आमच्या घरात वेगळ्या डब्यात जायचं. कुणाकडून ज्वारी, कुणाकडून बाजरी, एखाद्या घरून कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं. ते सगळं एकत्र व्हायचं आणि त्याच्याच भाकरी फुईला खाव्या लागायच्या. घरच्या पिठाची भाकरी तिला चालत नसे, तसा नेम होता. ती भाकरी तव्यावर कधी धड फुगायची नाही. माय थापताना कडेला चिरा पडायच्या. सोबत हिरव्या मिरच्यांचा ठेचा आणि तेल. मी लहानपणी फुईच्या ताटातला तुकडा मोडून घ्यायची आणि प्रत्येक वेळी चव निराळी लागायची. मला ते फार भारी वाटायचं. आज माझ्या धुळ्याच्या घरी गिरणीतून एकसारखं पीठ येतं, भाकरी टम्म फुगते, आणि मला ती चव आठवते. ती चव चांगली होती असं नाही. आठवते एवढंच.

आबा धरणगावात जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाच्या हंगामात त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर सरकीचा कोंडा बसलेला असायचा. घर दोन खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं. दिवाळीच्या आधी आबा बाजारातून कळीचा चुना आणायचे, अंगणात जुन्या पिंपात ते पांढरे खडे टाकायचे, वरून पाणी ओतायचे आणि आम्हा दोघी बहिणींना ओरडायचे, "मांगे व्हा, मांगे व्हा." पिंपातून सूंऽऽ असा आवाज यायचा, वाफ निघायची, आणि खडे आपोआप फुटून दह्यासारखे मऊ व्हायचे. धाकटी कुसुम माझ्यामागे लपून बघायची. तिला वाटायचं पिंपात कुणीतरी आहे. त्या चुन्याने आबा भिंती पांढऱ्या करायचे आणि नंतर कितीतरी दिवस त्यांच्या बोटांना भेगा असायच्या.

आता माळेची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या भाऊबंदकीत दर पिढीला एका बाईच्या गळ्यात ही माळ असायची. तिनं लग्न करायचं नाही, मळवट भरायचा, जोगवा मागायचा. माळ आपल्या हातानं काढायची आणि आपल्याच हातानं दुसरीच्या गळ्यात घालायची, आणि दोघीही जिवंत असायला हव्यात. आमच्यात म्हणत, "माळ जित्या गळामाईन जित्या गळामा." मधे तिला टेकायला जागा नाही. खुंटीला टांगायची नाही, देव्हाऱ्यात ठेवायची नाही. परक्या हातानं काढायची तर मुळीच नाही. फुई लहान असताना तिला मोठा ताप आला होता. तापातून उठली तेव्हा केसांत जट झाली होती. न विंचरलेल्या आजारी पोरीच्या केसांत दुसरं काय होणार? पण घरच्यांनी म्हटलं देवीनं हात ठेवला. तिच्या आधीच्या बाईनं माळ काढून तिच्या गळ्यात घातली. पोरीच्या गुडघ्यापर्यंत आली होती म्हणे. फुई हे सांगताना हसायची, "पाय अटकीसन पडू मी."

हे सगळं मायला पक्कं ठाऊक होतं, म्हणून माय आमचे केस विंचरायची. रोज सकाळी, चहाच्या आधी. मला पुढ्यात घट्ट धरून बसवायची, खोबरेल थापायची आणि लाकडी फणीनं टाळू सोलून निघेल असं विंचरायची. मी रडायची. कुठे गाठ लागली की फणी तिथेच थांबायची. मग ती कात्रीनं तेवढी गाठ कापायची, चुलीत टाकायची, आणि केस जळाल्याचा वास जाईपर्यंत दाराकडे बघत बसायची. माझ्या डोक्यावर कायम कुठे ना कुठे आखूड केस उभे असायचे. शाळेत पोरी हसायच्या, "निमीचं डोकं उंदरांनी खाल्लंय." मायला तापाची भीती वाटायची नाही, गाठीची वाटायची.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. पोरांमध्येही पहिली. हे मी मोठेपणा म्हणून सांगते, आणि तो मोठेपणा आहेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एस्टीनं रोज जळगावला जायची. फुटक्या काचेच्या खिडकीतून धूळ खात, मांडीवर प्रॅक्टिकलचं जर्नल. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं, कारण झाडांपेक्षा जनावरं मला अधिक कळायची. आबांचे चुलतभाऊ नाना भाऊबंदकीत वडील. ते एकदा ओट्यावर बसून म्हणाले, "कालेजले जाई ऱ्हायनी म्हने. आते घरमा भाकरी कोन थापी, प्रोफेसर?"

आबांनी विडी झटकली. "कोनीबी थापी. तुम्हनं काय जास, नाना?"

नाना हसले. पण जाताना माझ्या डोक्याकडे बघून गेले, जिथे केस आखूड होते तिथे.

प्रयोगशाळेत एका टेबलावर बरण्या आणि शंख-शिंपले मांडलेले असायचे. प्रत्येकाचं निरीक्षण करून चित्र काढायचं, बाजूला ओळखीच्या खुणा लिहायच्या. त्या दिवशी सरांनी माझ्यापुढे एक शंख ठेवला. पेवंदी बोराएवढा. वरून पांढरट, गुळगुळीत, घासलेल्या पितळी भांड्यासारखा चकचकीत, आणि पाठीवर एक पिवळी-केशरी गोल रेघ, बोटातून काढून ठेवलेल्या अंगठीसारखी. रेघेच्या आत रंग जरा निळसर, राखी. मला तो ओळखू आला नाही. खरं सांगते, मी तो उलटा करेपर्यंत मला तो ओळखू आला नाही. उलटा केला आणि खाली ती लांब चीर दिसली, दोन्ही कडांना बारीक दात असलेली. रोज माझ्या घरात उंबऱ्यावर बसून पाणी पिणारी चीर. कवडी होती ती. मी कवडीची पाठ कधी पाहिलीच नव्हती. माळेतल्या कवड्यांना पाठ नसते. दोरा ओवता यावा म्हणून ती कापून, घासून टाकतात. जिथे ती अंगठी असते नेमकी तिथेच भोक पाडतात, आणि मग उरतं ते फक्त दातांचं तोंड.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी फुईला हे सांगितलं. ती उंबऱ्यावर, मी तिच्यापुढे मातीत. घरी मी आमच्याच बोलीत बोलायची.

"फुई, कवडी म्हंजे गोगलगाय शे. समुद्रमानी."

"मंग मी इतला वरीस गळामा गोगलगाया लई फिरनू?" तिनं मायला हाक मारली. "ऐकं का वं? तुनी पोर म्हनस, मना गळामा गोगलगाया शेत."

मी सगळं सांगितलं. पुस्तकातलं, सरांनी सांगितलेलं. की हा जीव उथळ पाण्यात दगडाखाली राहतो, शेवाळ खातो. की लहानपणी त्याचा शंख साध्या गोगलगाईसारखाच पातळ आणि वेटोळ्याचा असतो, मग शेवटचं वेटोळं आधीच्या सगळ्यांना पोटात घेतं, ओठ आत वळतो, त्याला दात येतात. त्यानंतर कवडी मोठी होत नाही, चुन्याचे थर चढून नुसती जाड होत जाते. तोंडाला झाकण नसतं तिच्या. पण अंगाचा मऊ पडदा ती दोन्ही बाजूंनी वर आणते आणि सगळी पाठ झाकून घेते, जशी बाई पदर घेते, आणि म्हणूनच पाठीवर एवढी चकाकी राहते. फुई माळेतली एक कवडी बोटांत धरून उलटी-सुलटी करत होती.

"मंग पाठ कोनी कापी?"

"दोरा ववाले कापतस."

"मरेल व्हता ना तैं? जीव?"

"हा. मरना मंग."

"मंग ठीक," फुई म्हणाली. आणि कवडी सोडून दिली.

मी दुसऱ्या वर्षाला असताना फुईचा खोकला सुरू झाला. आधी धुळीचा वाटला. मग जोगव्याला जाताना ती दुसऱ्या घरी बसायला लागली, मग पहिल्याच. पीठ कमी यायला लागलं आणि डब्यातली भाकरी एकाच चवीची झाली, कारण ते एकाच घरचं पीठ होतं. अंगावरचं मांस गेलं तशी माळ मोठी वाटायला लागली. चालताना कवड्या आता छातीवर वाजत नव्हत्या, हाडांवर वाजायच्या, आणि आवाज निराळा यायचा. धरणगावच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून सांगितलं, छातीत पाणी असावं, जळगावला नेऊन फोटो काढा.

नाना त्याच संध्याकाळी आले. खाली बसले नाहीत. "गिरजानं आते काही खरं नही," ते म्हणाले. "पुनवले मंगळवार शे. माळ उतारी लेवूत. निर्मलाना गळामा घालूत."

माय आत भांडी घासत होती. आवाज थांबला.

"तिनं शिक्षन चालू शे," आबा म्हणाले.

"देवी काय मॅट्रिक पास दखी का?" नानांच्या बोलण्यात राग नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. ते वाईट माणूस नव्हते. भाऊबंदकीतल्या कुणाच्याही मयताला पहिले यायचे. त्यांना मनापासून वाटायचं की माळ तुटली तर घरातली पोरं जगणार नाहीत. त्यांची स्वतःची दोन गेली होती. "घरमानी मोठी पोर ती शे. ती नही ते कुसुम."

कुसुम तेव्हा परकर-पोलकं घालत होती.

मी काय म्हटलं? काही नाही. आपल्याकडे पोरी अशा वेळी बोलत नसत, आणि मी कॉलेजात जात असले तरी त्या घरातलीच पोर होते. रात्रभर एकच विचार डोक्यात होता, की दुसऱ्या वर्षाची परीक्षा पुनवेनंतर आहे.

जळगावच्या दवाखान्यात आबा, मी आणि फुई गेलो. फोटोच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. आतल्या नर्सबाईनं फुईकडे बघून सांगितलं, "गळ्यातलं काढून ठेवा, आजी. सगळं काढा. फोटोत येतं ते."

फुई उठून उभी राहिली. माळेला हात लावला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या समोरच उभी होते, हात पुढे करून, तिचं जे काय असेल ते धरायला. पोरगी म्हणून तेवढं काम माझंच होतं. फुईनं हात खाली घेतला.

"नही उतारत," ती म्हणाली.

"अहो, दोन मिनिटं. परत घाला."

"दोन मिनिटंमा कोना गळामा ठेवू? आठे मनी पोर हुबी शे."

नर्सबाईला काही कळलं नाही. कळणार तरी कसं? आबांनी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला, की यांचा नेम आहे, माळ रिकामी राहत नाही. मी तिथून निघून बाहेर गेले असते तर माळ धरायला उरले असते आबा, आणि पुरुषाकडे ती देता येत नव्हती. आणि नर्सबाईंनी ती टेबलावर ठेवली असती तर ते खाली ठेवणं झालं असतं. शेवटी माळ घालूनच फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला, आणि मी मागून पाहिला. बरगड्यांच्या जागी कवड्या. रांगाच्या रांगा, पांढऱ्या, प्रत्येकीला ती दातेरी चीर, सबंध छातीभर. त्यांच्यामागे फुफ्फुस होतं की नव्हतं ते दिसत नव्हतं.

"यात मला काय दिसणार?" डॉक्टर म्हणाले. ते चिडले नव्हते, थकले होते. "माळ काढून पुन्हा आणा यांना. मगच औषध ठरवता येईल."

पुन्हा आणायचं म्हणजे माळ आधी कुणाच्या तरी गळ्यात गेलेली असायला हवी. हे आम्ही तिघांनीही त्या पायऱ्या उतरताना ओळखलं.

रस्त्यावर आल्यावर फुईनं विचारलं, "तुनं कालेज कोठे शे?"

"फुई, दम लागस तुले. घर चाल."

"घर कथा पळी जास? माले ती पाठवाली दखाड."

कॉलेजच्या फाटकातून ती आत आली तेव्हा पोरं बाजूला झाली. कपाळभर मळवट, हातात रिकामी परडी, तीन पदरी माळ, आणि दर चार पावलांवर खोकला. मागून कुणीतरी म्हणालं, "निमी, तुझी देवी आली." मी वळून पाहिलं नाही. शिपाई फुईच्या पाया पडला आणि त्यानं परडीत आठाणे टाकले. फुई त्याला म्हणाली, "आज मंगळवार नही, भाऊ," आणि पैसे परत दिले. सर प्रयोगशाळेत एकटेच होते. मी अडखळत सांगितलं. सरांनी कपाट उघडलं आणि ती कवडी फुईच्या तळहातावर ठेवली.

फुईनं ती कितीतरी वेळ तशीच धरली. मग अंगठ्यानं पाठ चोळली, त्या पिवळ्या गोलावरून एकदा फिरून आली.

"ह्याले पाठ शे," ती म्हणाली. जणू मी इतके दिवस खोटं सांगत होते आणि आता तिची खात्री पटली.

भिंतीवर जगाचा नकाशा होता. तिनं सरांना विचारलं, "सायेब, हाऊ जीव कोठे ऱ्हास?" सरांनी लाकडी पट्टी घेतली आणि दाखवलं. आफ्रिकेचा हा किनारा, हा तांबडा समुद्र, ही मालदीवची बेटं, हे लक्षद्वीप, अंदमान, मग पलीकडे हा सगळा समुद्र, पार इथपर्यंत. पट्टी नकाशाच्या एका कडेपासून जवळजवळ दुसऱ्या कडेला गेली. फुईनं विचारलं, आमचं गाव कुठे आहे. सरांनी बोट टेकवलं. बोटाखाली सगळा खानदेश झाकला गेला.

"इतला मोठा मुलूख ह्याना," फुई म्हणाली, "आन मना पाच घर." आणि हसली. हसताना खोकला आला, तो थांबेना. सर पाणी आणायला धावले.

पुढे कितीतरी वर्षांनी, नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी कोकणातल्या किनाऱ्यावर गेले होते, तेव्हा ओहोटीला दगड उचलून उचलून पाहिले. खडकाला चिकटलेल्या दुसऱ्या गोगलगायी दिसल्या, खेकडे दिसले. अंगठीची कवडी मिळाली नाही. तिला प्रवाळाचा समुद्र लागतो, ती त्या बाजूला सहसा नसतेच, हे मला ठाऊक होतं, वर्गात मी ते तीस वर्षं शिकवलं. तरी पाहिले. म्हणजे आमच्या घरातल्या कवड्या फार लांबून आल्या होत्या, कुणाकुणाच्या हातून, समुद्र न पाहिलेल्या माणसांच्या गळ्यात बसायला.

पुनवेला मला न्हाऊ घातलं. हिरवं लुगडं नेसवलं आणि पाटावर बसवलं. मायनं त्या दिवशीही केस विंचरले. गाठ एकही नव्हती, तरी ती विंचरत राहिली, शेवटी एका बाईनं तिच्या हातातून फणी काढून घेतली. भाऊबंद अंगणात बसले होते. फुईची खाट पाटासमोर आणून ठेवली. तिला उठवत नव्हतं, दोघींनी धरून बसवलं. कुसुम दाराआड होती. हळदीचा, तेलाचा, खाटेवरच्या आजाराचा असा सगळा मिळून एक वास त्या खोलीत होता, आणि माझ्या डोक्यात वेडेपणानं एकच चाललं होतं: कवचाला झाकण नाही, ओठ आत वळलेला, दोन्ही कडांना दात.

"गिरजा," नाना मऊपणे म्हणाले. "येळ व्हयना. उतार, बहीन."

फुईनं माळेला हात घातला. तिनं दोन्ही मुठींत माळ गोळा केली, छातीशी घट्ट धरली आणि तशीच बसली.

"उतार ना वं."

"मी नही उतारत."

नानांना वाटलं भ्रम झाला असेल. "गिरजा, हाई निर्मला. तुना भाऊनी पोर."

"माले दिसस. मना डोया नही गयात, छाती गयी शे." तिला मधे मधे थांबावं लागत होतं. "निर्मलाबी नही. कुसुमबी नही. कोनीच नही."

"देवीना कोप व्हई. घर बसी जाई."

"देवीले मी तोंड दाखाडसू. तठेच जाई ऱ्हायनू ना मी? तुम्हले काय निरोप देवाना व्हई तो सांगा."

कुणी हसलं नाही. नाना उठले, आबांकडे वळले. "तू सांग तिले."

आबांनी बहिणीकडे पाहिलं, मग पाटावर बसलेल्या माझ्याकडे. ते आयुष्यभर फार बोलले नाहीत. "तिनी माळ शे," ते म्हणाले. "ती सांगी तसं."

नेम असा होता की दुसऱ्यानं काढायची नाही. त्याच नेमानं सगळ्यांचे हात बांधले. भाऊबंद उठून गेले, शिजलेला नैवेद्य तसाच राहिला. त्यानंतर फुई फार दिवस राहिली नाही. जेवढी राहिली तेवढी तिनं मुठी उघडल्या नाहीत, झोपेतसुद्धा नाही. माय चमच्यानं पाणी पाजायची. एका दुपारी जिनिंगचा पाळी बदलायचा भोंगा झाला, आणि तो संपल्यावर घर इतकं शांत वाटलं की माय चुलीपुढून उठून आत गेली. मग तिनं मला हाक मारली. अंघोळ घालताना आम्ही दोघींनी मिळून फुईच्या मुठी सोडवल्या. तळहातांत कवड्यांच्या दातांचे ठसे होते, ओळीनं, बारीक, जसे कुणी लहान तोंडांनी चावे घेतले असावेत. ते शेवटपर्यंत बुजले नाहीत. माळ कुणी काढायची नव्हती, म्हणून ती तिच्या गळ्यातच सरणावर गेली.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर त्याच्याकडे यायला नको. भाऊबंदकीतलं कुणी खांदा द्यायला आलं नाही. जिनिंगमधले हमाल आले, अंगावरच्या कापसासकट. नंतर आमच्या ओट्यावर कुणी बसेनासं झालं. कुसुमला स्थळ मिळता मिळेना. शेवटी लांब गुजरातेत दिली, आणि ती तिथे सुखात राहिली असं मी म्हणणार नाही. मायच्या पाठीशी कुणी बाई उभी राहिली नाही. आबा गेले तेव्हाही पुन्हा जिनिंगमधलेच लोक आले, म्हातारे झालेले. मी पदवी घेतली, शिक्षिका झाले, धुळ्यात घर बांधलं. माझ्या पदवीची किंमत कुणी कुणी दिली हे मला माहीत आहे, आणि मी ती पदवी मान ताठ ठेवूनच वापरली. दुसरं काही केलं असतं तर तो त्यांचा अपमान झाला असता.

फुईची राख सावडायला माणूस नव्हतं. आबा म्हणाले, "तू चाल." आमच्याकडे बायका मसणात जात नाहीत. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यामागे गेले. तिथे नाना आधीच उभे होते, सोबत दोघे. खांद्याला आले नव्हते, पण राखेला आले होते.

"पानी शिपडू नको आत्तेच," नाना म्हणाले. "आधी देखू दे."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. एक जरी कवडी अखंड सापडली तर तिच्याभोवती नवी माळ ओवता येणार होती. माळ तुटली असं मग म्हणायचं कारण नव्हतं. दोघे राखेत बसले आणि बोटांनी चाळायला लागले. कवड्या होत्या. पांढऱ्याफटक, खडूसारख्या, बहुतेक तडकलेल्या, हात लावला की तुकडे. नाना स्वतः खाली बसले. धोतर राखेनं भरलं. आणि थोड्या वेळानं त्यांनी एक उचलली. अखंड. दातसुद्धा जागच्या जागी. त्यांनी ती पंच्यावर ठेवली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं.

"देवीनं राखी," ते म्हणाले. आणि माझ्याकडे बघितलं.

आबा पुढे आले. पंच्यावर ती पांढरी कवडी त्यांनी वाकून पाहिली, बराच वेळ.

"नाना," ते म्हणाले, "मसनमानी वस्तू तशीच घर कशी लई जाशात? धुई ल्या."

नानांनी मान हलवली. बरोबरच होतं ते. मी तांब्या पुढे केला. नानांनी कवडी अलगद पाण्यात सोडली.

तांब्यातून सूंऽऽ असा आवाज आला. वाफेचा एक बारीक धागा वर आला. नानांनी घाबरून हात मागे घेतला. मी तांब्यात पाहिलं. कवडी मधोमध फुटली, मग तिचे तुकडे फुटले, मग तेही विरले, आणि तळाशी दह्यासारखं पांढरं काहीतरी उरलं. तांब्या माझ्या हातात गरम झाला.

नाना बराच वेळ तांब्यात बघत राहिले. मग त्यांनी पंचा झटकला, खांद्यावर टाकला आणि दोघांना घेऊन निघून गेले. मागे वळले नाहीत.

आबांनी माझ्या हातातून तांब्या घेतला आणि ते पाणी सगळ्या राखेवर शिंपडलं. जिथे जिथे पडलं तिथे राखेतून तो आवाज आला. बोटांना लागलेलं पांढरं त्यांनी धोतराला पुसलं.

"तुनी एस्टी कितला वाजता शे?" त्यांनी विचारलं.